नागपूरहून एमटीबी (माउंटन बाइकिंग): बरड, पांधण आणि सातपुड्याच्या वाटा

"नागपूर तर सपाट आहे, इथे कुठली आली डोंगराची सायकल," असं नागपूरकरच म्हणतात. शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, हे खरं. पण काटोल रोडने किंवा हिंगण्याच्या अंगाने निघा, तासाभरात डांबर सुटतं आणि चाकाखाली मुरूम करकरायला लागतो. उत्तरेला तर सातपुडा पायरीपायरीने वर जातो: छिंदवाडा सुमारे ६७५ मीटर, तामिया हजाराच्या वर. पश्चिमेला चिखलदरा १,११८ मीटर. एवढ्या मुलखात सायकलसाठी म्हणून आखलेली वाट क्वचितच सापडते. जी आहे ती बैलबंडीने, गुराढोरांनी आणि पावसाच्या पाण्याने पाडलेली. तिच्यावर सायकल चालवायची तर हातपाय तयार होण्याआधी नजर तयार व्हावी लागते. म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवला आहे: आधी जमीन, मग ती कोणाची आहे ते, मग नकाशा, आणि सायकल त्यानंतर.

आधी चाकाखालची माती

नागपूर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सेमिनरी हिल्स त्याच्याच पूर्वेकडच्या कडेला येतात. पूर्वेला आणि ईशान्येला, रामटेक-मनसरकडे, त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक आहेत, ज्यांत मनसरचं मँगनीज सापडतं. एकाच शहरातून दोन दिशांना गेलं की टायरची पकड वेगळी का लागते, ते यावरून कळतं.

पश्चिमेच्या बेसाल्टचं झिजून जे होतं, त्यात आपल्या कामाचे तीन प्रकार. सखल भागात काळी माती, उंचवट्यावर मुरूम, आणि टेकडीच्या उतारावर गोटे. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्रा-पापुद्रा सुटत जातो आणि आत गोल दगड उरतो. हे गोल दगड कडक मुरमावर मोकळे पडलेले असतात. ब्रेक दाबून त्यांच्यावरून गेलात तर चाक घसरणार, हे धरूनच चला.

काळ्या मातीला मात्र फार जपा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पाऊस पडल्यावर अशा पांधणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या गाववाटेत, सायकल घातली, की काही मीटरमध्ये टायर आणि फोर्कच्या मधली जागा मातीने भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि मातीसकट ती चांगलीच जड होते. ताकद लावून पेडल मारत राहिलात तर मागचं गिअर अडकवणारं हॅंगर वाकतं किंवा तुटतं. उन्हाळ्यात उलटा प्रश्न: भेगा टायर आत जाईल एवढ्या रुंद होतात. भेग वाटेला आडवी असेल तर चाक ओलांडून जातं. वाटेच्या दिशेने लांबच लांब असेल तर पुढचं चाक तिच्यात धरलं जातं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. अशा वेळी बंडीच्या चाकाने दाबलेल्या पट्ट्यावरून चाला, तिथे भेगा बुजलेल्या असतात.

मुरूम हा खरा मित्र. पाणी लवकर झिरपतं, पकड बरी असते, आणि पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत वाट चालवण्याजोगी होते. काळ्या मातीला आठवडासुद्धा कमी पडतो. एक साधी चाचणी करा. वाटेवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर परत फिरा, दाण्यादाण्याने सुटली तर पुढे जा. ओल्या वाटेवरून जाऊ नये याला दुसरंही कारण आहे. तुमच्या टायरने पाडलेली खोल रेघ वाळून दगडासारखी होते, आणि मग पुढचे कित्येक दिवस त्याच पांधणीतून शेतकऱ्याला कापसाचं ओझं घेऊन जायचं असतं.

वाट कोणाच्या जमिनीवर आहे

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका. नागपूरभोवती सायकलवाल्यांची जी अडवणूक होते, ती बहुतेक इथे लक्ष न दिल्यामुळे होते.

पांधण म्हणजे गावातून शेतशिवारात जाणारा रस्ता. बऱ्याच पांधणी गावनकाशावर दाखवलेल्या असतात आणि गावाच्या वहिवाटीच्या असतात. सुरुवात इथूनच करा. गावनकाशा सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर बघता येतो. पण पांधण जिथे संपते तिथून पुढे धुऱ्यावरची पायवाट असेल, तर ती कोणाच्या तरी शेताची कड आहे. विचारल्याशिवाय जायचं नाही.

मग येतं झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात हा जमिनीचा वेगळा वर्ग आहे: खुरटी झुडपं, मुरूम, बरड म्हणजे नापीक उंच माळ, चराईची जागा. एमटीबीला याहून सरस जमीन नाही. बरीच वर्षं ही जमीन वन म्हणायची की महसूल, याचा घोळ चालू होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानायचं, असा निकाल दिला. त्यामुळे "ही काही जंगल खात्याची जमीन नाही" हे जुनं उत्तर आता चालणार नाही. नेहमीची वहिवाट असेल त्याच वाटेवर राहा, नवी वाट पाडू नका, झुडूप तोडू नका, आणि वनरक्षकाने हटकलं तर वाद न घालता मागे फिरा.

राखीव वनात शिरणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा ठरतो, आणि अभयारण्यात परवानगीविना जाणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली. नागपूरच्या भोवती पेंच, बोर, उमरेड-पवनी-करांडला ही सगळी वाघांची ठिकाणं आहेत. तिथे सायकल हा विषयच काढू नका. गोरेवाड्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वाटाही सोडा. तिथल्या जंगलात बिबट्या आहे. बोरपासून कोंढाळी-काटोलच्या बाजूने वाघाची ये-जा असते, तेव्हा त्या पट्ट्यात कोणती वाट घ्यायची हे स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला विचारूनच ठरवा. साध्या कागदावर तारीख, वेळ, गावांची नावं, माणसांची यादी आणि फोन लिहून अर्ज द्या. नाही म्हटलं तर नाही.

वाडी-अंबाझरीकडे आयुध निर्माणीची आणि वायुसेनानगरकडे हवाई दलाची जमीन आहे. उपग्रह नकाशावर तिथे सुंदर वाटा दिसतात. बघून सोडून द्या.

घरी बसून नकाशा

उपग्रहाचं चित्र उघडा, पण एप्रिल-मेचं. पावसाळ्यातल्या चित्रात सगळं हिरवं, वाट दिसत नाही. उन्हाळी चित्रात काळी शेतं गडद दिसतात आणि मुरमाचे उंचवटे तांबूस-पांढुरके. तांबूस पट्ट्यांना जोडत जाणारी रेघ शोधा. तीच तुमची वाट, आणि काळे तुकडे जिथे मध्ये येतात तिथे ओलाव्याचा धोका.

त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा ठेवा. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा. या प्रमाणावर साधारण २० मीटरला एक रेष येते, त्यामुळे दोन रेषांच्या मधली छोटी पण जीवघेणी घळ नकाशात दिसतच नाही, हे लक्षात ठेवा. नाला किती ठिकाणी ओलांडावा लागतो ते मोजा. सुरुवातीला तीनपेक्षा जास्त ओलांडण्या असलेली वाट नको. पायी फिरून बघितलेली पाच किलोमीटरची वाट ही चित्रावर आखलेल्या तीस किलोमीटरपेक्षा जास्त शिकवते.

आणि मग माणसाला विचारा. नकाशाचं शेवटचं पान गुराख्याकडे असतं.

"काका, ही पांधण माहुरझरीपर्यंत जाते काय जी?"

"जाते ना. पर नाल्यावरून डावीकडं नका जाऊ, तिकडं तार लावली हाय. सरळ गेले का बरडावर निघता."

या दोन वाक्यांत वाट, धोका आणि माती, तिन्ही आलं. असं उत्तर कोणत्याही ॲपमध्ये नाही. विचारताना सायकलवरून उतरा, गॉगल काढा. बसल्या बसल्या ओरडून विचारलं, की उत्तरही तसंच येतं.

तारेबद्दल स्वतंत्रपणे

काकांनी सांगितलेली तार नीट समजून घ्या. रानडुकरं तूर-हरभऱ्याची नासधूस करतात, म्हणून शेताभोवती सौर झटका मशीन लावतात. त्याचा झटका जोराचा असतो, पण तो थांबून थांबून येतो आणि सहसा जीव घेत नाही. खरा धोका चोरून लावलेल्या तारेचा, जिच्यात थेट विजेच्या खांबावरून प्रवाह सोडलेला असतो. तिने जनावरं आणि माणसं दोन्ही मेली आहेत. ती रात्रीपुरती लावली जाते आणि कधी कधी पहाटे काढायची राहून जाते. म्हणून उजाडण्यापूर्वी आणि दिवे लागल्यानंतर शेताच्या कडेने जायचं नाही. गुडघ्याच्या उंचीवर बारीक तार दिसली, तर ती उचलून खालून सायकल काढायचा मोह आवरा. मागे फिरा.

सायकल

इथल्या वाटांना पुढे १०० ते १२० मिमी सस्पेन्शन असलेली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) पुरते. मागच्या सस्पेन्शनवर पैसे घालण्याआधी ते चांगल्या टायरवर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवर घाला. चाक २९ इंची असेल तर गोट्यांवरून सहज जातं. उंची कमी असेल तर २७.५ बरं.

टायर किमान २.२५ इंच रुंद घ्या. माणूस सत्तर किलोच्या आसपास असेल आणि आत ट्यूब असेल, तर पुढे २६-२८ आणि मागे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवून सुरुवात करा. दुकानात भरून देतात ती पन्नास-साठची हवा डांबरावर ठीक. मुरमावर तिने सायकल उडत राहते आणि पकड जाते. हवा फार कमी केली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेपून दोन भोकं पडतात. तेव्हा दर वेळी दोन-दोन पीएसआयने बदला आणि तेच तेच वळण घेऊन बघा.

पैसे जमतील तेव्हा पहिलं काम ट्यूबलेस. त्यामागचं कारण काटे. बाभळीचा काटा टायर आरपार करतो, बोरीच्या फांद्यांची कुपाटी पांधणीत सांडलेली असते, आणि पावसाळ्यानंतर सराटा वाळून वाटेवर पसरतो. ट्यूबलेसमध्ये आतलं सीलंट भोक बुजवतं आणि हवा २०-२४ पीएसआयपर्यंत उतरवता येते. मात्र नागपूरच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. डब्यावर चार-सहा महिने लिहिलेलं असलं तरी मार्च ते जून दर दीड-दोन महिन्यांनी टायर हलवून ऐका. आत पाण्यासारखा आवाज येत नसेल तर भरा. काटा काढल्यावर भोक खाली येईल असं चाक फिरवून धरा, म्हणजे सीलंट तिथे गोळा होतं.

सोबत ठेवायचं सामान: एक ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), पंप, पॅच, प्लग, अॅलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आणि एक जादा हॅंगर. हॅंगर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ऐन वेळी मिळत नाही, म्हणून सायकल घेतानाच एक जादा घ्या. चिमटा विसरू नका. काटा टायरमधूनही काढायचा असतो आणि तळव्यातूनही. धुळीच्या दिवसांत चेनला मेणाचं कोरडं ल्युब लावा. ओलं तेल मुरमाची बारीक धूळ ओढून घेतं आणि दातेरी चक्रं खातं.

हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. चष्मा धुळीपेक्षा बाभळीच्या फांदीसाठी.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. ऑक्टोबरात वाटा वाळलेल्या असतात, पण गवत कमरेएवढं आणि कुसळं मोज्यात शिरून हैराण करतात. शिवाय गवताखालचा दगड दिसत नाही. नोव्हेंबरात कापूस वेचणी सुरू होते, पांधणीत बंड्या आणि ट्रॅक्टर वाढतात, त्यांना वाट द्या. बैल बिचकतात. समोरून बंडी आली की कडेला उतरून उभं राहा आणि दुरूनच आवाज द्या. सायकल आवाज न करता येते, जनावराला तेच भीतीचं वाटतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि सागाची पानगळ होते. दिसायला सुरेख, चालवायला फसवं. सागाचं मोठं कोरडं पान गोट्यांवर झाकण घालतं आणि स्वतःही घसरतं. वेग अर्धा करा. मोहफुलं पडायला लागली की भल्या पहाटे गावची माणसं मोहाखाली वेचायला बसलेली असतात, आणि जंगलालगत अस्वलही त्याच फुलांसाठी येतं. अस्वल वाघापेक्षा लवकर अंगावर येतं. मोहाच्या दिवसांत जंगलाच्या कडेची वाट उजाडून तासभर झाल्याशिवाय धरू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. या काळात चहासाठीसुद्धा चूल पेटवायची नाही.

एप्रिलपासून पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये पंचेचाळीसच्या वर जातो. सकाळी साडेआठला घरी परत, हा नियम ठेवा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली बरी. थंडीत जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, म्हणून सातला वाटेवर असलात तरी पुरेसं. संध्याकाळी डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारची राईड चारपर्यंत डांबराला लागली पाहिजे.

पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, मार्चनंतर पाऊण ते एक लिटर. त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. नुसतंच पाणी पीत राहिलात तर पोटऱ्यांना गोळे येतात.

पहिली वाट: काटोल रोडचं बरड

हात साफ करायला अंबाझरीचं जैवविविधता उद्यान बरं. आतल्या मार्गांवर तोल, ब्रेक, गिअर यांचा सराव करा. सायकल कुठे न्यायची, कधी न्यायची हे फाटकावर विचारून घ्या.

त्यानंतर काटोल रोडला, फेटरी-माहुरझरीच्या बाजूला. इथे मुरमाचे पसरट उंचवटे आहेत, एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने हळूच उतरणारे, मध्ये उथळ नाले. शिकायला याहून चांगली जमीन शहराजवळ नाही. गाडी गावाच्या बाहेर न लावता गावातच, विचारून लावा. पहिल्या दिवशी फक्त मुख्य पांधणीने जा आणि त्याच वाटेने परत या. परतीला तीच वाट वेगळी दिसते, चढाचा उतार होतो आणि मघाशी न दिसलेले गोटे दिसतात.

या भागात एक जबाबदारी आहे. जुनापाणी आणि माहुरझरीचा परिसर लोहयुगातल्या शिळावर्तुळांसाठी ओळखला जातो. एकट्या जुनापाणीला सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. मोठमोठे दगड गोल मांडून मध्ये दफन केलेलं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदकाम केलं होतं, आणि काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगेही नोंदवले होते. लोहयुगातली ही माणसं पीक न येणारं उंच बरड दफनासाठी निवडत असावीत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे जी जमीन आज आपल्याला सायकलसाठी हवीशी वाटते, तिच्यावरच त्यांची माणसं पुरलेली आहेत. दगड अर्धे मातीत गेलेले असतात आणि गवतात सहज लक्षात येत नाहीत. गोलाईत मांडलेले चार-पाच दगड दिसले की सायकलवरून उतरा आणि बाहेरून वळसा घ्या. त्यांच्यावरून उडी मारणं, दगड हलवून रॅम्प करणं, हे कोणीही करू नये. आपल्यातला कोणी करत असेल तर थांबवावं.

हिंगण्याच्या बाजूला मोहगाव झिलपी तलाव आणि पुढे कान्होलीबारा हा दुसरा पट्टा. इथे चढ जरा उभे आहेत. तलावावर पक्षी बघणारे येतात, काठाच्या वाटेवर सावकाश.

नाला, चढ, उतार

नाला ओलांडणं हे इथलं सगळ्यात महत्त्वाचं कसब, म्हणून सावकाश सांगतो. काठावर आलात की थांबा आणि उतरून बघा. पाण्याने काठ उभा कापलेला असतो. पण गुरं पाण्यावर जातात तिथे काठ खचून उतार झालेला असतो. तुमचा उतार तोच. तळाशी काय आहे? गोटे असतील तर चालेल. बारीक रेती असेल तर पुढचं चाक रुतणार. गुळगुळीत काळा खडक ओला असेल तर चालतच जा, शेवाळावर कोणाचंही कसब चालत नाही. आता समोरचा काठ बघा. तो बहुतेक छोटा आणि उभा असतो, आणि गोंधळ होतो तो इथेच: माणूस उतारावर जड गिअर ठेवतो आणि समोर चढताना पेडल फिरत नाही.

म्हणून गिअर वरच, काठावर उभे असताना हलकं करून घ्या. सीट खाली करा. दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे मोकळे, कंबर सीटच्या मागे, हनुवटी वर. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट. वेग उतारावरच आवरा आणि तळाला लागण्याच्या क्षणी ब्रेक सोडा. गोट्यांत ब्रेक धरलेलं चाक अडतं, मोकळं चाक वर चढून निघून जातं. नजर समोरच्या काठाच्या माथ्यावर. चाकाखाली बघितलंत की चाक तिथेच जातं. तळ ओलांडताना अर्ध्या वळशाचे हलके पेडल मारत राहा, आणि समोर चढ लागला की छाती हँडलकडे, बूड सीटच्या टोकावर.

मुरमाच्या सुट्या चढावर उभं राहून जोर लावायचा मोह होतो. उभे राहिलात की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते जागीच फिरतं. बसून, पुढे सरकून, एकसारखा जोर लावा. बंडीच्या चाकाने खोल खाच पडली असेल तर खाचेत जा किंवा मधल्या उंचवट्यावर, पण एकदा निवडलं की बदलू नका. खाचेच्या कडेवर तिरकं चाक चढवणं हे पडण्याचं हमखास कारण. बाहेर यायचंच असेल तर खाच उथळ होईपर्यंत थांबा आणि पुढचं चाक थोडं उचलून काटकोनाच्या जवळ जाईल असं वळवा.

उतारावर पुढचा ब्रेक घाबरून सोडून देऊ नका. थांबण्याची खरी ताकद त्याच्यातच आहे. नुसता मागचा धरला तर चाक घसरत राहतं आणि वाटेवर चर पडतो. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मोकळा.

रामटेक

हाताला सवय झाली की दिशा बदला. रामटेकची टेकडी घोड्याच्या नालाच्या आकाराची, तिच्या कुशीत अंबाळा तलाव. इथे बेसाल्टचा मुरूम नाही. खडक कोनेदार, मध्ये रेती आणि अभ्रकाची चमक. कोरड्यात पकड छान, पण दगडाच्या धारा टायरची बाजू कापतात, म्हणून हवा दोन पीएसआय वाढवा. गडमंदिराच्या पायऱ्या आणि यात्रेकरूंची वाट सायकलसाठी नाही. खिंडसी तलावाच्या बाजूच्या गाववाटा धरा, आणि उत्तरेला मनसरच्या पुढे पेंचकडे सरकू नका. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस टाळा.

काही झालंच तर

तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नका: एक जखमी झाला तर एक जवळ थांबतो, एक मदत आणतो. घरी वाटेचा नकाशा आणि परतीची वेळ सांगून ठेवा. पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, वनविभागासाठी १९२६. ॲम्ब्युलन्स पांधणीत येणार नाही, तेव्हा जवळचं डांबर कुठे आहे हे आधीच ठाऊक हवं.

साप चावला तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं, यातलं काही नाही. तो पाय-हात न हलवता माणसाला उचलून रस्त्यावर आणा आणि थेट दवाखान्यात, नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स. साप पकडून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. उन्हाने माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर सावली, अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना. "थोडं बसलं की बरं वाटेल" असं म्हणू नका. आग्या मोहोळ झाडावर किंवा कड्यात दिसलं तर आवाज न करता लांबून जा. उठलंच तर सायकल टाकून पळा.

सातपुडा: तामिया आणि पातालकोट

हे सगळं हातात बसलं की सायकली गाडीवर टाका आणि सावनेर, सौसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा असं करत तामियाला जा. साधारण १८० किलोमीटर. सौसरपर्यंत मराठीवर निभतं, पुढे हिंदी, आणि गावांत गोंडी कानावर पडते. घाटात मातीचा रंग आणि हवा दोन्ही बदलतात.

पातालकोट ही तामियाजवळची दरी, कड्यापासून तळ हजार फुटांहून जास्त खाली. आत भारिया आणि गोंड लोकांची बारा गावं. कड्यांमध्ये वाळूखडक उघडा पडला आहे. कोरड्या वाळूखडकाची पकड बेसाल्टपेक्षा जास्त, त्यामुळे पहिल्या दिवशी आत्मविश्वास भलताच वाढतो. त्याला लगाम घाला, कारण इथे वाटेच्या कडेला मोकळा कडा आहे.

पहिला दिवस पठारावरच काढा. तामिया ते छिंदी या बाजूला शेतवाटा, सागाची राई आणि चढउतार भरपूर आहेत. दुसऱ्या दिवशी रातेडच्या बाजूने दरीत उतरणारा रस्ता घ्या. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. डिस्क तापते आणि ब्रेक सुस्त होतो. थोडा जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणावर थांबून डिस्क निवू द्या. बोट लावून तापमान बघू नका. गावांमधल्या पायवाटा लोकांच्या अंगणातून जातात. तिथे सायकल हातात धरून चाला, आणि पुढची वाट दाखवायला गावातलाच माणूस रोज ठरवून, पैसे देऊन सोबत घ्या. फोटो विचारून. दरीत ऊन उशिरा पोचतं आणि लवकर निघून जातं, म्हणून परतीचा चढ दुपारी एकच्या आत सुरू करा. त्या चढाला प्रत्येकी दोन लिटर पाणी लागतं. खाली उतरताना संपवू नका. फोनची रेंज दरीत धरून चालू नये, भेटायची जागा आणि वेळ वरच ठरवून घ्या.

चिखलदऱ्याला जायचं असेल तर परतवाड्याहून चढणारा घाट आणि गावालगतचं पठार एवढंच पुरे. भोवती मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प आहे.

तामियाहून निघण्याआधी सायकलची साखळी आणि चाकाचे एक्सल तपासा, टायरमधले काटे चिमट्याने काढा, वाळूखडकाची रेती ब्रश मारून झाडा; ब्रेक पॅडमध्ये ती राहिली तर डिस्कवर रेघा पडतात. सिल्लेवानी घाट उजेड असतानाच उतरा. अंधारात वळणावर ट्रकचा अंदाज येत नाही, आणि कॅरिअरवरच्या सायकलींमुळे तुमची गाडी नेहमीपेक्षा लांब असते.